अर्थशास्त्राच्या पेपरवरची हळद

पेपर लिहिताना माझ्या हातांना घाम येतो. अजून येतो. आता पेपर कुठला, बँकेत सही करायची असते, नाहीतर नातवाचं शाळेत नाव टाकायला जायचं असतं, तरी तळवे ओले होतात आणि मी पदराला हात पुसत बसते. भीती बाकीच्यांच्या पोटात असते म्हणतात. माझी तळहातात आहे.

माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठाला. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा पलीकडच्या काठावर होती, आणि पावसाळ्यात होडीवर मुलीला एकटं घालायला घरचे तयार नव्हते. कुणी रडलं नाही, मीही नाही. आमच्याकडे मुलींच्या शाळा सुटतच असत. हे तिकडच्या एका कारखान्यात कामाला होते, शेजारच्यांच्या ओळखीनं लग्न झालं. नव्वदचं दशक लागलं आणि कारखान्याला टाळं लागलं. दोन लेकरं आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आम्ही ह्यांच्या गावी, कुरुंद्याला आलो. जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती.

आले तेव्हा मला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती. हळद शिजताना जो वास उठतो त्यानं मी नाकाला पदर लावायचे. बोललेलं अर्धं कळायचं नाही, आणि कळलं नाही हे सांगायचीही भीती. तरी मला कुणी पाण्यात पाहिलं नाही, हे पहिल्यांदा लिहून ठेवते. सासूबाईंना इथल्या रीतीप्रमाणे मी आत्याबाई म्हणायला लागले. त्यांनी माझ्या तुटक्या भाकरी निमूट खाल्ल्या. माहेर इतकं लांब की रुसून जायची सोयच नव्हती, आणि त्यांनी तशी वेळ कधी आणली नाही. थोरल्या जाऊबाई शेजारच्याच घरात राहायच्या. चुली वेगळ्या, रान एक. त्यांची जीभ तिखट होती. पण माझ्या धाकट्याला गोवर आला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या.

त्याच धाकट्याला पुढे एकदा वसमतला दवाखान्यात दाखवायला नेलं होतं. परतताना जीप भरायची होती, म्हणून ती उभी होती त्या कॉलेजच्या भिंतीजवळ सावलीला थांबले. भिंतीवर रंगानं लिहिलं होतं, शाळा अर्धवट सुटलेल्यांना घरी राहून पदवी घेता येते. लेकरू खांद्यावर झोपलेलं. मी आत गेले. टेबलाशी एक सर बसले होते.

"आठवी शिकले मी," मी म्हणाले. "तेवढ्यावर चालत नसंल ना?"

"चालतंय की. पूर्वतयारीची परीक्षा द्या. पास झालात की थेट बी.ए.च्या पहिल्या वर्षाला."

मला वाटलं थट्टा करतायत. पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा विचारलं. सर हसले नाहीत. "बाई, किती बार सांगू? चालतंय," म्हणाले आणि फॉर्म पुढे सरकवला.

घरी सांगितलं, वर्ग रविवारी भरतात तेही सांगितलं. ह्यांनी फक्त विचारलं, "दर रविवारी जावं लागंल?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला गेले. हे असेच. एका शब्दात निर्णय, आणि तो पुन्हा बदलायचा नाही.

बाकी गावानं मात्र पुष्कळ वर्षं एकच विचारलं. काहून? दळणाच्या गिरणीत, नळाच्या रांगेत, बारशाला गेलं तरी तेच. "काहून शिकून राहिली वो कोकणीणबाई? कलेक्टर व्हायचंय का?" मी कधी म्हणायचे लेकरांचा अभ्यास घ्यायला, कधी म्हणायचे नोकरी लागेल. खरं उत्तर मलाच नीट सांगता यायचं नाही. परक्या मुलखात मी बोलायला घाबरायचे, दुकानदारानं पैसे चुकवले तरी गप्प राहायचे. एवढी एक गोष्ट पूर्ण झाली तर कदाचित घाबरणं कमी होईल, असं काहीसं मनात होतं. ते बारशात कसं सांगणार?

वर्गात माझ्यासारखेच सगळे होते. एक नर्सबाई होत्या, एक वायरमन, तांड्यावरचा एक शेतकरी ज्याला ग्रामसेवकाच्या परीक्षेला बसायचं होतं. शेवटच्या बाकावर बसायला भांडण व्हायचं, कारण तिथे भिंतीला पाठ टेकता यायची. नर्सबाई रात्रपाळी करून यायच्या, वायरमन खांबावरून उतरून. सर शिकवताना आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायचो. ऐकायचो किती ते सांगता येत नाही.

अभ्यास कसा केला असं लोक विचारतात. केला म्हणजे काय, कामाच्या फटींतून ओढून काढला. पिठाच्या डब्यावर पुस्तक टेकवायचं आणि भाकरी थापायची. चुलीच्या धुरानं डोळ्यांतून पाणी वाहायचं. एकच पान आठवडाभर वाचायचे, आणि आठवड्यानंतर ते पहिल्यांदाच वाचतेय असं वाटायचं. म्हशीचं दूध, लेकरांचे डबे, रान, परत म्हैस. टाचा भेगाळलेल्या, अंगात सतत तापासारखी कणकण. कुणी म्हटलं, थकली का गं, तर नाही म्हणायचे. कारण हो म्हटलं तर पुढचं वाक्य ठरलेलं होतं. सोड मग ते. इंग्रजीत दोनदा नापास झाले. एक वर्ष आत्याबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे परीक्षेला बसताच आलं नाही. अशी वर्षं गेली. लेक माझ्या पुढून दहावी झाली. शेवटी एकदाचं तिसरं वर्ष आलं, आणि त्यातला शेवटचा पेपर, अर्थशास्त्राचा.

परीक्षा मे महिन्यात असते. आमच्याकडे हळद निघते संक्रांतीनंतर. खणायची, मोडायची, शिजवायची, वाळवायची आणि शेवटी ढोलात घालून घासायची. मोडणं म्हणजे जमिनीतून निघालेल्या गड्ड्यापासून एकेक बोट वेगळं करणं. ते बायकांचं काम. त्या वर्षी हळद उशिरा निघाली आणि पेपराच्या आदल्या दिवसापर्यंत ढोल फिरत होता. पिवळी धूळ केसांत, कानांत, पापण्यांवर. हात तर असे की वरून धुतले तरी भेगांतून पिवळं येत राहायचं.

पेपराच्या सकाळी मी आरशात पाहिलं आणि मला लाज वाटली. कॉलेजात जायचं, शेवटचा पेपर, आणि हे हात. म्हणून धुण्याचा सोडा घेतला आणि दगडावर घासले. हात लालभडक झाले. हळदीला सोडा लागला की ती लाल होते; हळदीत चुना कालवून कुंकू करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या घाईत डोकं चाललं नाही. जाऊबाई दारातून बघत होत्या.

"आता गं? नवरी झालीस की!"

"जीप जाईल हो, पाणी ओता हातावर."

त्यांनी पाणी ओतलं. वरचा लाल रंग गेला, भेगांतला राहिला. तशीच पळाले.

परीक्षेच्या खोलीत पंखा होता पण तो फिरत नव्हता. प्रश्न मला येत होते. शेतमालाच्या बाजारावरचा प्रश्न तर मी तोंडपाठ केला होता. मी लिहायला लागले आणि हाताला घाम सुटला. पहिलं पान उलटलं तेव्हा कडेला अंगठा उमटलेला दिसला. पिवळा, आणि त्याच्या मधोमध तांबूस रेघा. पदरानं पुसायला गेले तर ते पसरलं. दुसऱ्या पानावर तळव्याची पूर्ण कड उमटली. मी हात मांडीला पुसत होते, लिहीत होते, पुन्हा पुसत होते. जितकी घाबरले तितका घाम, आणि जितका घाम तितकी हळद.

पर्यवेक्षक बाई फिरत फिरत माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"हे काय लावलंय?"

"हळद आहे, मॅडम."

"कुंकूपण लावलंय."

"कुंकू नाही. तीपण हळदच आहे."

"हळद लाल असते होय?"

मागून कुणीतरी हसलं. मला सोड्याचं सांगायचं होतं, पण मी पदराला हात पुसत राहिले. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पेपरची पूजा घरी करायची, बाई. उत्तरपत्रिकेवर खूण करायची नसते, पहिल्या पानावरच लिहिलंय. तपासणाऱ्याला इशारा केल्यासारखं होतं."

"मी काहीच केलं नाही हो. रानातून आले."

"मी तुमची वैरीण नाही. पण हे असंच पुढं पाठवलं तर उद्या मला विचारतील."

त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मला पेपर पूर्ण लिहू दिला. शेवटी मात्र एक कागद आला, त्यावर 'उत्तरपत्रिकेवर खुणा आढळल्या' असं लिहिलेलं होतं, आणि खाली मला सही करायला सांगितली. मी सही केली. त्या कागदावरही अंगठा उमटला.

निकाल लागला तेव्हा बाकी विषयांत मी पास होते. अर्थशास्त्रापुढे लिहिलं होतं, राखीव, म्हणजे निकाल राखून ठेवलेला. मग पत्र आलं, नांदेडच्या कार्यालयात हजर राहून खुलासा करा. ह्यांच्या पायाला कुळव लागला होता, म्हणून आत्याबाई माझ्याबरोबर निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा नांदेडला जायचं म्हणून त्यांनी नवं लुगडं नेसलं. मी रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. त्या खिडकीतून लोकांची पिकं बघत होत्या आणि मोठ्यानं नावं ठेवत होत्या.

साहेब वयस्कर होते, समोर माझी उत्तरपत्रिका. मी सगळं सांगितलं. सोड्याचंही सांगितलं.

"हात दाखवा," ते म्हणाले.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. श्रावण चालू होता. हात धुतल्या तांदळासारखे.

"कुठं आहे हळद?"

आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आवं साहेब, आता कुठली हळद? आता तर रानात उभी हाय, ही एवढाली पानं. होळीच्या पुढं या आमच्याकडं, मंग दावते हात. हिचे दावते, माझे दावते, अख्ख्या गावाचे दावते."

"आजी, होळीला परीक्षा नसते."

"मंग परीक्षा तरी पोळ्याला ठिवा. तव्हा आमी मोकळे असतो."

साहेबांना हसू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला तुमचं खरं वाटतं," ते मला म्हणाले. "पण इथे खरं-खोटं बघायचं नसतं. खूण आहे की नाही एवढंच बघायचं. आहे. हा पेपर रद्द होतो. बाकी काही शिक्षा लावत नाही. पुढच्या मे महिन्यात एवढाच विषय पुन्हा द्या. आणि बाई, हात स्वच्छ घेऊन या."

मी त्यांचे आभार मानले. खरंच मानले, कारण मी येताना त्याहून वाईट काहीतरी धरून चालले होते. वसमतला उतरून कॉलेजातल्या अभ्यासकेंद्राच्या सरांना भेटले तेव्हा त्यांनी माझी नोंदणी पाहिली आणि वर्षं मोजली. "ही शेवटची संधी," मग म्हणाले. "तुमची मुदत संपते. पुढच्या मेमध्ये झालं तर झालं, नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षापासून. सोडाबिडा काही लावू नका. हळदीत हातच घालू नका. अगोदरपासून."

अगोदरपासून म्हणजे कधीपासून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. नखांत गेलेली हळद नख वाढून कापेपर्यंत निघत नाही. म्हणजे गुढीपाडव्यानंतर हळदीला शिवायचं नाही.

आता हे घरात कसं सांगायचं? आमच्या गल्लीतल्या बायकांची सावड होती. आज तुझ्या रानात सगळ्याजणी, उद्या माझ्या रानात. मजुरी नाही, माणसाला माणूस. एखादीला यायला जमलं नाही तर तिनं आपल्या जागी दुसरं माणूस पाठवायचं; नाही पाठवलं तर तिच्या रानात कुणी येत नाही. मी नवी होते, एका गड्ड्याला दुसऱ्यांच्या दुप्पट वेळ लावायचे, तरी आत्याबाईंच्या शब्दावर त्या बायकांनी मला सावडीत घेतलं होतं. त्यांच्यातून उठायचं म्हणजे त्यांना फसवल्यासारखं. आणि आत्याबाईंचे गुडघे आता खाली बसू देत नव्हते. लेकीची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा होती.

पाडव्याला सगळे एकत्र जेवायला बसले होते तेव्हा मी बोलले. ताट पुढ्यात घेऊन बोलले, म्हणजे मान खाली ठेवता येईल.

जाऊबाईंनी घास खाली ठेवला. "म्हंजे आमी उन्हात बसून मोडायची, अन् हिनं सावलीत बसून हात गोरे करायचे?"

त्यात खोटं काय होतं?

"मला बी माहेर व्हतं, मला बी शाळा व्हती. मी म्हणले का कव्हा?"

"थोरले, जेवू दे तिला," आत्याबाई म्हणाल्या.

"जेवू द्या की. मी काय ताट ओढून राहिले का? पण सावडीत हिच्या जागी कोण बसंल ते सांगा. तुमी बसता?"

हे भाकरी कुस्करत होते. न मान वर करता म्हणाले, "मी बसतो."

"कुठं?"

"सावडीत. हिच्या जागी."

जाऊबाईंना इतकं हसू आलं की ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि पुन्हा हसल्या. "भावजी, लुगडं देऊ का माझं? काठाचं हाय."

"द्या," हे म्हणाले. "ऊन लई लागतं, डोक्याला बांधतो."

आमच्या गावात गडी माणूस हळद खणतो, काहिलीखाली जाळ घालतो, पोती उचलतो. पण बायकांच्या ओळीत मांडी घालून गड्डा मोडत नाही. हे गेले. पहिल्या दिवशी मी भाकरीची पाटी घेऊन रानात गेले तेव्हा बांधापर्यंत बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मध्ये हे बसलेले, डोक्याला खरंच जाऊबाईंचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, पुढ्यात ढीग बाकीच्यांच्या निम्मा.

"आवं नवीन बाई, मोडून राहिले का कुरवाळून राहिले?" एक म्हातारी विचारत होती.

"हिच्या सासूनं काही शिकवलं न्हाई वाटतं," दुसरी म्हणाली.

"बाई झाले तर नाव घ्या मंग. उखाणा घ्या बायकोचा, त्याबिगर भाकर न्हाई."

"मला येत न्हाई," हे म्हणाले.

"बी.ए.वालीचा नवरा अन् उखाणा येत न्हाई? कोकणीणबाई, न्या ह्याला परत, हे माणूस आमच्या कामाचं न्हाई!"

ह्यांचे कान लाल झाले होते. मी पाटी बांधावर ठेवली आणि पुढे गेले नाही. वाटलं, जावं, त्यांना उठवावं, बसावं त्या जागी. पेपर काय, गेला तर गेला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानंच 'जा' अशी खूण केली. रागानं नाही. मी घरी आले.

सावलीत बसायला मिळालं असं मात्र झालं नाही. जाऊबाईंनी सरळ हिशेब केला, हळद नाही तर चूल. दोन्ही घरांचा स्वयंपाक, वरून सावडीच्या भाकरी, दोन्ही गोठे माझ्याकडे आले. चुलीपुढून उठून पुस्तकापुढे बसायचे तेव्हा कंबर सरळ होत नसे. शिवाय स्वयंपाकात एक नवंच संकट होतं. मी हळदीचा डबा उघडत नव्हते. चमच्यानं घालता आली असती, हे आता कळतं. तेव्हा इतकी धास्ती बसली होती की डब्याच्या झाकणालाही मी हात लावत नसे. अंगणात हळदीचे ढीग वाळतायत आणि घरात वरण पांढरं, भाजी पांढरी, कढी पांढरी.

पहिले दोन-तीन दिवस सगळे तसंच जेवले. मग धाकट्यानं विचारलं, "आई, वरण आजारी हाय का?"

आत्याबाई म्हणाल्या, "गप खा."

जाऊबाई म्हणाल्या, "सुतकातलं जेवण हे. ज्यांच्या दारात हळद, त्यांच्या ताटात न्हाई. लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी वरण उकळत असताना त्या माझ्या चुलीशी आल्या. "सर बाजूला." डबा उघडला, चिमूटभर हळद पातेल्यात टाकली, पळीनं हलवलं, हात झटकले. "लेकरांसाठी टाकून राहिले. तुझ्यासाठी न्हाई." त्यानंतर रोज दोन्ही वेळा त्या येऊन हळद टाकून जायच्या. एकही दिवस विसरल्या नाहीत, आणि एकही दिवस मला बोलल्याशिवाय गेल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी माझे हात स्वच्छ होते. रस्त्यात दहा वेळा पाहिले. खोलीत शिरताना मी ते थोडे पुढेच धरले होते, कुणीतरी बघावेत म्हणून. पण त्या वर्षी पर्यवेक्षक नवीन होते. त्यांनी उत्तरपत्रिका वाटल्या, वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत बसले आणि पेपर संपेपर्यंत माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कागद माझ्या घामानं ओला झाला, पण पांढराच राहिला. प्रश्न आदल्या वर्षीपेक्षा अवघड होते. शेवटचं उत्तर अर्धं राहिलं. बाहेर आले तेव्हा मला काहीच सांगता येईना, बरा गेला की वाईट. नुसतं डोकं जड झालं होतं.

मग पावसाळाभर वाट पाहिली. ह्यांनी एकदाही विचारलं नाही. एकदा रात्री जेवताना आत्याबाई विचारू लागल्या तर हे म्हणाले, "असू दे, लागल तव्हा लागल."

सर म्हणाले होते त्या आठवड्यात मी वसमतला गेले. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "झालं, बाई. सुटलात." गुण जेमतेम होते. मी यादीत स्वतः पाहिलं, पुन्हा पाहिलं. सरांना नमस्कार केला. त्यांनी पेढे मागितले, मी आणते म्हणाले. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला असेल. मला आठवतं ते एवढंच की जिना उतरले, आणि रस्त्यात आमच्या फाट्यावरून जाणारी औंढ्याची जीप उभी दिसली तशी मी जाऊन तिच्यात बसले. खिडकीला डोकं टेकलं.

जाग आली ती ड्रायव्हरच्या हाकेनं. "मावशी, औंढा आला. उतरा की."

आमचा फाटा केव्हाच मागे गेला होता. नागनाथाला आलेले लोक नारळ घेऊन चालले होते. मी भांबावून तिथल्याच एका दुकानाच्या पायरीवर बसले. परतीची जीप भरायला बराच वेळ लागला. इतक्या वर्षांत कुठल्या कामाशिवाय अशी बसलेले मला आठवत नव्हतं. उठावंसं वाटत नव्हतं. घरी काळजी करत असतील हेही कळत होतं, तरी उठवत नव्हतं.

फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळला होता. हे तिथे सायकल धरून उभे होते. किती वेळ उभे होते त्यांनी सांगितलं नाही.

"कुठं गेल्ती?"

"औंढ्याला."

"औंढ्याला काहून?"

"जीपमध्ये झोप लागली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सायकल वळवली आणि आम्ही गावाकडे चालायला लागलो. ते सायकल धरून, मी बाजूनं. मी अजून झोपेतच असल्यासारखी सायकलच्या चाकाकडे बघत चालत होते. ओढ्याच्या पुलाजवळ ते खालच्या आवाजात म्हणाले, "नापास झालं असंल तर तसं सांग. पुन्हा पयल्यापासून भर. मी बसतो सावडीत, माझं काय."

"पास झाले," मी म्हणाले.

ते थांबले. सायकलच्या हँडलवर दोन्ही हात टेकले आणि एक लांब श्वास सोडला.

"बरं झालं," म्हणाले. "कंबर लई दुखत व्हती."